बंद केलेलं क्रेडिट कार्ड परत घ्यायचंय? फॉर्म भरायच्या आधी हे बघून घ्या

मी सांगलीत रिटर्न भरायची कामं करतो, त्यामुळे जुलै महिन्यात समोर बसलेला माणूस आयकराचं बोलून झालं की जाता जाता एक जादा प्रश्न विचारतोच, आणि अलीकडे तो प्रश्न बऱ्याचदा हाच असतो की पूर्वी एक क्रेडिट कार्ड होतं, बंद करून टाकलं, आता परत पाहिजे, मिळेल का? कुणाला रुपे कार्ड यूपीआयला जोडून किराणा दुकानात स्कॅन करायचं असतं (ही सोय २०२२ पासून आली, त्याआधी कार्ड बंद केलेल्यांना ती मिळालीच नव्हती), कुणाला फ्रिज हप्त्यावर घ्यायचा असतो, कुणाची नोकरी बदललेली असते आणि आता पगार बरा असतो.

मिळतं, नक्की मिळतं. फक्त लोक काय करतात, थेट बँकेच्या ॲपवर जाऊन अर्ज टाकतात, तो नाकारला जातो, मग दुसऱ्या बँकेत टाकतात, तिथेही तेच, आणि चार ठिकाणी नाही ऐकल्यावर विचारतात की असं का झालं. उत्तर बहुतेक वेळा आजच्या पगारात नसतं, जुनं कार्ड बंद होताना काय झालं त्यात असतं. म्हणून पहिलं काम जुन्या खात्याचं, नवीन फॉर्मचं नंतर.

माझं काय झालं होतं

२०२१ च्या फेब्रुवारीत पुण्याची नोकरी सोडून मी सांगलीला परत आलो, तेव्हा कार्डची गरज वाटेना म्हणून कस्टमर केअरला फोन लावला, थकबाकी शून्य होती, समोरच्या मुलीने "हो सर, रिक्वेस्ट घेतली" असं सांगितलं, मी कात्रीने कार्ड कापलं आणि विषय संपवला. रिक्वेस्ट नंबर लिहून घेतला नाही, बंद झाल्याचं पत्र मागितलं नाही. कंपनीचा मोबाइल नंबर आणि ऑफिसचा ईमेल दोन्ही नोकरीबरोबर गेले, त्यामुळे पुढे बँकेने जे काही पाठवलं ते माझ्यापर्यंत आलंच नाही. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका बँकेत अर्ज केला आणि दोन दिवसांत नकार आला.

मग सिबिलचा, म्हणजे कुणी कर्ज आणि कार्डाचे पैसे कसे भरले याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट काढला. जुनं कार्ड त्यात चालू दिसत होतं. मार्चमध्ये त्यावर वार्षिक फी लागली होती, ५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटीचे ९०, असे ५९०. ते न भरल्यामुळे लेट फी, त्यावर व्याज, असं करत आकडा २,४०० च्या आसपास गेला होता. पण पैशापेक्षा वाईट होती खालची महिन्यांची चौकटींची ओळ. मार्चपर्यंत सगळीकडे ०००, आणि त्यापुढे २४, ५५, ८५, ११६. हे आकडे म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते, याला डीपीडी म्हणतात. अर्ज तपासणारा पगाराची स्लिप बघायच्या आधी ही ओळ बघतो. जो माणूस चार महिने ५९० रुपये भरत नाही त्याला लाखाची लिमिट कोण देईल, अर्ज तपासणाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती.

हे सगळं निस्तरायला पुढे दोन महिने गेले. ते कसं निस्तरलं ते खाली येईलच.

पायरी १: कार्ड नक्की कसं बंद झालं ते आठवा

तुम्ही स्वतः सगळं भरून बंद केलं असेल आणि बँकेने तसा मेसेज किंवा मेल पाठवला असेल, तर तुमचा रस्ता सरळ आहे. वापरलं नाही म्हणून बँकेने बंद केलं असेल तर तेही काळजीचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षापेक्षा जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँक तुम्हाला कळवून बंद करायला घेऊ शकते, आणि ३० दिवसांत तुम्ही उत्तर दिलं नाही तर, बाकी भरलेली असल्यास, ते बंद होतं. हा डाग नाही.

तिसरा प्रकार म्हणजे माझ्यासारखा, आपल्याला वाटतं बंद झालं पण बँकेच्या दप्तरी चालूच. आणि चौथा म्हणजे पैसे थकले होते, वसुलीवाल्याशी तडजोड करून कमी रकमेत मिटवलं, किंवा मिटवलंच नाही. याचं वेगळं बोलू.

एक गोष्ट अजून. तुमची ती बँक आज त्या नावाने उरलीच नसेल असंही होऊ शकतं. सिटीबँकेचा भारतातला कार्डांचा धंदा १ मार्च २०२३ ला ॲक्सिस बँकेकडे गेला, आंध्र बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत विलीन झाली. अशा वेळी जुन्या खात्याचं पत्र नवीन बँकेकडे मागायचं, जुना कार्ड नंबर किंवा पॅन नंबर देऊन.

पायरी २: क्रेडिट रिपोर्ट काढा, एक नाही चारही

आपल्याकडे सगळे सिबिल सिबिल म्हणतात पण अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा स्कोअरसकट पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. वेबसाइटवर गेल्यावर आधी पैसे भरायचे प्लॅन पुढे येतात, ते न घेता फुकट वार्षिक रिपोर्टचा पर्याय शोधायचा. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर स्कोअर कमी होत नाही, ही भीती पुष्कळांच्या मनात आहे ती काढून टाका. स्कोअर कमी होतो तो बँकेने तुमच्या अर्जावरून चौकशी केली की.

रिपोर्टमध्ये मोठ्या अक्षरात स्कोअर दिसतो, ३०० ते ९०० मधला, आणि लोक तो बघून फाइल बंद करतात. तसं करू नका, आत जा. जुन्या कार्डच्या खात्यावर बोट ठेवा आणि बघा की बंद झाल्याची तारीख आहे का, चालू बाकीच्या जागी शून्य आहे का, चौकटींच्या ओळीत ००० किंवा एसटीडी (म्हणजे खातं सुरळीत) आहे की दुसरे आकडे (एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलेली नाही, एवढाच अर्थ), आणि खात्यापुढे सेटल्ड (कमी रकमेत मिटवलेलं) किंवा रिटन ऑफ (बँकेने बुडीत धरलेलं) असे शब्द आहेत का. मग चौकशांची यादी बघा, तुम्ही न केलेली चौकशी तिथे असेल तर कुणीतरी तुमचा पॅन वापरलाय. नाव, जन्मतारीख आणि पत्ताही वाचा. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव वेगवेगळं नोंदलेलं होतं, आणि नवीन अर्ज त्यावरच अडला होता.

चांगल्या रीतीने बंद केलेलं कार्ड रिपोर्टमधून लगेच गायब होत नाही, या कंपन्या माहिती किमान ७ वर्षं ठेवतात, म्हणजे वेळेवर भरलेल्या हप्त्यांचा जुना इतिहास आजही तुमच्या बाजूने बोलतो. तरी कार्ड बंद केल्यावर स्कोअर थोडा का उतरतो, तर लिमिट गेल्यामुळे. समजा एका कार्डाची लिमिट १ लाख आणि दुसऱ्याची ५० हजार, आणि तुम्ही महिन्याला ४० हजार खर्च करता, तर एकूण लिमिटचा वापर झाला साधारण २७ टक्के. लाखवालं कार्ड बंद केलं की तोच खर्च ८० टक्के दिसायला लागतो. खर्च एका रुपयाने वाढलेला नाही, पण कागदावर तुम्ही ओढाताणीत दिसता. अर्जाआधी दोनतीन महिने उरलेल्या कार्डावरचा वापर ३० टक्क्यांच्या खाली आणा, स्टेटमेंट बनायच्या आधीच थोडे पैसे भरून टाकले तरी हे जमतं.

पायरी ३: चूक असेल तर ती आधी निस्तरा

मी आधी बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला (प्रत्येक बँकेच्या साइटवर त्यांचा पत्ता असतो, कस्टमर केअरच्या वरची पायरी), त्यात फोन केल्याची तारीख, साधारण वेळ आणि कुठल्या नंबरवरून केला ते लिहिलं. रिक्वेस्ट नंबर नव्हता, पण त्यांच्याकडे कॉलचं रेकॉर्डिंग होतं आणि ते ऐकून त्यांनी मानलं की विनंती घेतली होती, पुढे नोंदवली गेली नाही. फी, लेट फी, व्याज सगळं उलटं केलं, बाकी नसल्याचं पत्र दिलं. ते पत्र लावून सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला. ह्या कंपन्या स्वतः काही बदलत नाहीत, त्या बँकेला विचारतात आणि बँकेने हो म्हटलं की दुरुस्त करतात, म्हणून आधी बँक आणि मग सिबिल हा क्रम उलटा करू नका.

तेव्हापेक्षा आता ग्राहकाची बाजू जास्त भक्कम आहे. २०२४ पासून अशी तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला पाहिजे असा नियम आहे, त्यातले २१ दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला. कार्ड बंद करायची विनंती केली आणि थकबाकी शून्य असेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायचं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, हा १ जुलै २०२२ पासूनचा नियम. आणि पोस्टानेच अर्ज पाठवा असा हट्ट बँक धरू शकत नाही. मेल लिहिताना या नियमांचा उल्लेख करा, शांत भाषेत, त्याने खरंच फरक पडतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस नावाच्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते, फी काही नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.

सेटल केलेलं असेल तर

हा भाग नीट वाचा कारण यात लोक फसतात. ५० हजार थकले, वसुलीवाला म्हणाला २० हजारांत मिटवू, तुम्ही भरले, त्याने पत्र दिलं, तुम्हाला वाटलं मिटलं. पण रिपोर्टमध्ये ते सेटल्ड म्हणून राहतं, म्हणजे ह्या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. नवीन बँकेला हा शब्द दिसला की अर्ज बहुतेक तिथेच थांबतो. यावर उपाय एकच, ज्या बँकेचे होते तिला लेखी विचारायचं की उरलेली रक्कम किती आणि ती भरली तर खातं पूर्ण भरून बंद म्हणून कळवाल का. लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका, भरल्यावर बाकी नसल्याचं पत्र घ्या, आणि महिना दीड महिन्याने रिपोर्ट परत बघा. पैसे देऊन सेटल्ड शब्द पुसून देतो म्हणणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका, तो अधिकार त्यांना नसतो, तुमचे पॅन आणि आधार मात्र त्यांच्याकडे जातात.

तेच कार्ड परत चालू होतं का?

बंद करायची विनंती काल परवाच केली असेल आणि बंद झाल्याचा मेसेज अजून आला नसेल तर लगेच फोन करून विनंती मागे घेता येते का विचारा. एकदा बंद झालं की सहसा नवीन अर्ज, नवीन नंबर, नवीन लिमिट, नवीन केवायसी असंच असतं. जुनी २ लाखांची लिमिट होती म्हणून आता तेवढीच मिळेल हे धरून चालू नका. जुने रिवॉर्ड पॉइंटही परत येत नाहीत.

आणि इथे एक धोक्याची सूचना. "तुमचं बंद झालेलं कार्ड रीॲक्टिव्हेट करून देतो" असा फोन आला तर तो ठेवून द्या. बँक त्यासाठी ओटीपी, सीव्हीव्ही मागत नाही आणि व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवत नाही. चुकून काही दिलं गेलंच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

किती थांबायचं आणि कुठे अर्ज करायचा

बंद केल्यावर अमुक महिने थांबलंच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, प्रत्येक बँकेचं आपलं अंतर्गत धोरण असतं. त्याच बँकेत परत जायचं असेल तर अर्जाआधी कस्टमर केअरला सरळ विचारा की मी जुना ग्राहक, कार्ड अमुक महिन्यात बंद केलं, आता अर्ज केला तर चालेल का. वेलकम ऑफरसाठी परत घेत असाल तर अटी बारीक अक्षरातल्या वाचा, पूर्वी कार्ड असलेल्यांना ती ऑफर नाही असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. बँकेकडून बंद झाल्याची नोंद रिपोर्टमध्ये यायलाही वेळ लागतो, २०२५ पासून बँकांनी दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर, तरी रिपोर्टमध्ये नोंद दिसल्यावरच अर्ज करा. आणि मध्ये नकार आला असेल तर माझ्या मते सहा महिने गप्प बसायचं.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे जिथे पगार येतो किंवा मुख्य बचत खातं आहे ती बँक. नेटबँकिंगमध्ये कार्डांच्या पानावर पूर्वमंजूर ऑफर दिसते का बघा. अर्ज एका वेळी एकच. मॉलमध्ये टेबल टाकून बसलेला मुलगा म्हणतो की तीन बँकांचे भरू, एक तरी लागेल, त्याचं कमिशन असतं पण तिन्ही चौकशा तुमच्या रिपोर्टवर चढतात.

पूर्वी सहज मिळालं होतं, आता का अडवतात असंही लोक विचारतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तारण नसलेल्या ग्राहक कर्जावरचा भार वाढवला, बँकांच्या क्रेडिट कार्ड बाकीवरचं जोखीम वजन १२५ वरून १५० टक्के केलं, म्हणजे तेवढ्याच उधारीसाठी बँकेला स्वतःचं भांडवल जास्त बाजूला ठेवावं लागतं. त्यामुळे हात आखडता झालाय. २०१९ चा अनुभव आज धरू नका.

कागदपत्रं

पॅन, आधार (मोबाइल जोडलेला), नोकरदाराला शेवटच्या दोनतीन पगाराच्या स्लिपा, धंदेवाल्याला रिटर्न, बऱ्याच बँका दोन वर्षांचे मागतात. व्हिडिओ केवायसीला पॅन कार्ड मूळ हातात ठेवा, झेरॉक्स चालत नाही. उत्पन्न जसं आहे तसंच लिहा. जुना अर्जही बँकेकडे असतो, जन्मतारीख किंवा कंपनीचं नाव वेगळं पडलं की अर्ज बाजूला काढतात.

शेतीच्या उत्पन्नाचं मात्र वेगळं आहे आणि आमच्या भागात हा प्रश्न रोजचा. तासगावकडचे एक काका, द्राक्षबाग चांगली, बँकेत पैसे दिसतात, पण शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही, आणि कार्डाच्या फॉर्ममध्ये दाखवायला कागदच नाही. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या, एक म्हणजे रिटर्न भरायला सुरुवात करा, त्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवता येतं, आणि दुसरी पुढे देतो ती.

एफडीवरचं कार्ड

ज्यांचा रिपोर्ट खराब आहे किंवा उत्पन्नाचा कागद नाही त्यांनी बाकी कुठे डोकं न आपटता हेच करावं. बँकेत मुदत ठेव ठेवायची, तिच्या तारणावर कार्ड मिळतं, लिमिट ठेवीच्या साधारण ८० ते १०० टक्के, ठेवीवर व्याज चालूच राहतं. अशी कार्डं बऱ्याच मोठ्या बँका देतात. रिपोर्टमध्ये त्याची नोंद होते, म्हणजे वर्षभर पूर्ण बिल वेळेवर भरलं की चौकटींच्या ओळीत ०००, ०००, ००० असं नवीन बनत जातं आणि जुने वाईट आकडे मागे सरकतात. काकांनी ५० हजारांची ठेव ठेवून हेच घेतलं, खतं आणि डिझेलला वापरतात.

नाकारलं तर

कारण विचारा, लेखी. अर्ज नाकारताना नेमकं कारण लेखी कळवायचं असं २०२२ च्या नियमात आहे. "अंतर्गत धोरणानुसार" एवढंच आलं तर परत मेल करून नेमकं कारण मागा. कारण कळलं की काय दुरुस्त करायचं ते कळतं, मग पुन्हा वरची पायरी २.

कार्ड हातात आल्यावर

अर्ज करतानाच कुठलं नेटवर्क (रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) पाहिजे ते निवडायचा हक्क सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या कार्ड कंपन्यांच्या ग्राहकांना आहे, यूपीआयला जोडायचं असेल तर रुपे सांगा. आलेलं कार्ड ३० दिवस ॲक्टिव्हेट केलं नाही तर बँक ओटीपीने संमती विचारते आणि ती दिली नाही तर ७ कामकाजाच्या दिवसांत ते कार्ड खर्चाशिवाय बंद होतं, म्हणजे परत पहिल्यापासून, तेव्हा पाकीट फोडून ठेवून देऊ नका. पूर्ण बिलाचा ऑटो डेबिट लावा, किमान रकमेचा नाही, कारण उरलेल्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं म्हणजे वर्षाला ४२. आणि आयुष्यभर फुकट म्हणून दिलेल्या कार्डाच्या अटींचा कागद उघडून वार्षिक फीच्या ओळीत खरंच शून्य आहे का ते बघा, माझे ५९० तिथूनच सुरू झाले होते.

कधी परत बंद करायचं ठरलं तर आधी पॉइंट वापरा, ओटीटी आणि फास्टॅगचे ऑटो पेमेंट काढा, चालू ईएमआय मिटवा, कुठला रिफंड यायचा बाकी नाही ना ते बघा, शेवटचं स्टेटमेंट येऊ द्या कारण मागचं थोडं व्याज त्यात निघतं, मग ईमेलने विनंती करा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. बंद झाल्याचं पत्र आलं की त्याची पीडीएफ स्वतःच्या खाजगी ईमेलवर ठेवा, ऑफिसच्या नाही, आणि दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये बंद झाल्याची तारीख आली का ते एकदा बघून घ्या.